बाटलीचं झाकण आणि उन्हाळी मिरची

आमच्या घरात सुनेचं कौतुक करायची पद्धत नाही. सासऱ्यांना कालवण आवडलं तर ते मुकाट्याने आणखी एक भाकरी मागतात, एवढंच. म्हणून गेल्या उन्हाळ्यातल्या मिरचीची गोष्ट माझी मलाच सांगावी लागते, आणि मी ती हौसेने सांगते.

चाकणजवळच्या आमच्या गावाला कंपन्यांनी वेढलंय. मधे आमचा मिरचीचा तुकडा. एका ट्रान्सपोर्टवाल्याला तो ट्रेलर लावायला भाड्याने हवा होता. सासरे म्हणाले, "मिरची लागली तर ऱ्हाऊ दे रान. न्हाई तर देऊन टाकू." मला ते रान सोडायचं नव्हतं. एकदा मुरूम पडला की तिथे पुन्हा काही पिकत नाही. शिवाय दिवसभर कंपनीत उभं राहून आलं की पायाखाली माती लागते मला.

पण ऊन असं पेटलं, की झाडं हिरवीगार आणि खाली फुलांचा सडा. कृषी सहायक बाईंनी फुलगळीवर संजीवक सुचवलं. ते खत नव्हे. अगदी थोडं पाण्यात घालून फवारायचं, मग झाड उन्हातही फूल धरून ठेवतं. बाटली आणून ठेवली आणि मी पहिल्या शिफ्टला गेले.

परत आले तर नवऱ्याने भर दुपारी दोन सऱ्या फवारूनही टाकलेल्या. माप काय, तर बाटलीचं झाकण. आमच्याकडे सगळी औषधं झाकणानेच मोजतात, वर अर्धं झाकण मायेचं.

"थोडं जास्त गेलं तर काय बिघडतं?" तो म्हणाला.

काय बिघडतं ते चार दिवसांत दिसलं. त्या सऱ्यांची पानं वाकडी झाली आणि होती ती फुलंही गळली. सासरे बांधावरून बघून गेले. माझा मात्र संताप झाला.

कंपनीत मी पेंट शॉपला, म्हणजे रंगकामाच्या विभागात आहे. रंगात तो कडक करणारा हार्डनर जरा जास्त पडला तर अख्खं मिश्रण फेकावं लागतं. तिथे मी डोळ्यात तेल घालून मोजते, मग घरच्या मिरचीने काय पाप केलंय? मेडिकलमधून बिनसुईची सिरिंज आणली, बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली. सकाळी रानाला पाणी दिलं, सऱ्यांत पाचट अंथरलं आणि ऊन उतरल्यावर फवारणी धरली. पंप नवऱ्याच्या पाठीवर, माप माझ्या हातात.

"कंपनीच आणलीस की घरी," तो म्हणाला.

"आणली. आता पंप मारा."

फुलं झाडावरच थांबली. मग त्यांच्या जागी बारीक मिरच्या दिसायला लागल्या. खोटं कशाला सांगू, मी रोज कामावर जाताना त्यांना बघूनच गाडीला किक मारायचे.

तोडणी चालू असताना ट्रान्सपोर्टवाला आला. सासरे बांधावर बसले होते. त्याने विचारलं, "काय ठरलं मग?"

सासऱ्यांनी पाटीतल्या मूठभर मिरच्या त्याच्या हातात ठेवल्या आणि माझ्याकडे बोट केलं. "रान सूनबाईचं हाय. तिला इचारा."

मी मान वर न करता म्हटलं, "जागा नाही, भाऊ. तोडणी चालू आहे."

त्या रात्री सासऱ्यांनी दोन भाकऱ्या जास्त मागितल्या.