मला आत सोडू नका

मार्च संपत आला होता. सात रस्त्यामागच्या त्या गल्लीत भर दुपारी कुत्रंसुद्धा हलत नव्हतं. नागनाथ सर्वगोड कठड्याला धरून, दर चार पायऱ्यांवर थांबत दुसऱ्या मजल्यावरच्या क्लबाचा जिना चढला. खाली पाटी मनोरंजन क्लबची होती, वर रमीची सहा टेबलं होती, आणि पैसे लावल्याशिवाय तिथं कुणी बसत नसे. अकरा वर्षं तो इथं येत होता. आज मात्र टेबलाकडं न वळता तो मॅनेजर गुरुराजच्या समोर उभा राहिला आणि खिशातून स्वतःचा एक छोटा फोटो काढून ठेवला.

“ह्यो दारात लावा. मी आलो तर मला आत सोडू नका.”

गुरुराजला वाटलं, याला ऊन लागलं. “अहो, यायचं नसेल तर येऊ नका की. फोटो कशाला?”

“त्येच तर जमंना,” नागनाथ म्हणाला. “घरी ठरिवतो, जायाचं न्हाय. पाय हितं आणत्यात. म्हणून हितंच सांगायला आलोय.”

नागनाथ अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होता. माग बिघडला की दुरुस्त करणारा. बत्तीस मागांच्या कल्लोळात एकाचा ठोका चुकला तर तो मान वळवायचा, आणि सरळ त्याच मागाशी जायचा. मालकसुद्धा त्याला अहोजाहो करायचा. पण बत्तीस वर्षं तो आवाज ऐकून त्याचं डोकं कधी शांत म्हणून होत नव्हतं. रविवारी घरात बसलं की कानात माग चालू. पत्त्यांच्या टेबलावर पहिल्यांदा तो आवाज थांबला. वस्तीतल्या एकानं सहज नेलं होतं त्याला. त्यानंतर न्यायला कुणी लागलं नाही.

जिंकणं-हरणं हे निमित्तच झालं पुढं. तेरा पानं हातात आली की जग तेवढंच उरायचं. सुट्टी गेली, मग संध्याकाळी गेल्या, मग फोनवर खेळ आल्यावर जेवणाची सुट्टीही गेली. शपथा झाल्या. विहारात बुद्धमूर्तीसमोर झाल्या, लेकीच्या डोक्यावर हात ठेवून झाल्या. प्रत्येक शपथ खरी होती, आणि प्रत्येक मोडली.

मग जानेवारीत त्याची बायको शालन हिचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं. सकाळी दहाला कागदावर सही करायला नवरा हवा होता. नागनाथ नऊला घरून निघाला आणि एक डाव खेळून जाऊ म्हणून क्लबात शिरला. क्लबात फोन बाहेर ठेवावे लागत. तो खाली उतरला तेव्हा तीन वाजले होते आणि फोनवर लेकीचे सव्वीस कॉल पडलेले होते. सही लेकीनं, धम्मप्रियानं केली होती. ऑपरेशन झालंही होतं. तो वॉर्डात जाऊन उभा राहिला, काय खोटं सांगावं ते जुळवत.

शालननं डोळे उघडून त्याच्याकडं पाहिलं. “आता शपथ घिऊ नका,” ती म्हणाली. “ऐकायची ताकद न्हाय माझ्यात.”

ती रागावली असती तर त्याला सोपं गेलं असतं. ती दमली होती. तोही दमला होता. त्या रात्री वॉर्डाबाहेरच्या बाकावर दोघं बापलेक बसले असताना धम्मप्रियानं त्याचा फोन मागितला. रमीच्या ॲपमध्ये कुठं कुठं बोट फिरवत ती एका पानाशी थांबली.

“पप्पा, यात स्वतःलाच बंद करायची सोय आहे. सहा महिने. एकदा दाबलं की मधे उघडत नाही, कितीही विनवलं तरी.”

“कुणाला इनवायचं?”

“तेच. कुणी नसतंच तिकडं.”

त्यानं दाबलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बोट आपसूक तिथं गेलं आणि ॲपनं त्याला घेतलं नाही. चिडचिड झाली. पण थोड्या वेळानं त्याच्या ध्यानात आलं, की आज ‘नको’ म्हणायचं काम त्याला करावं लागलं नव्हतं. दिवसातून शंभरदा स्वतःशी भांडायचा तो. एका भांडणातनं सुटका झाली होती. फोनला सांगता येतं, तर क्लबाला का नाही, हा विचार तिथून आला. मनाची तयारी व्हायला दोन महिने गेले, आणि त्या दोन महिन्यांतही तो क्लबात जातच राहिला.

तर गुरुराज. त्यानं बराच वेळ तो फोटो बोटांत फिरवला. मग सभासदांच्या वहीचं शेवटचं पान उघडलं आणि लिहिलं, “नागनाथ सर्वगोड यांना त्यांच्याच विनंतीवरून सहा महिने प्रवेश देऊ नये. मधे त्यांनी स्वतः सांगितलं तरी देऊ नये.” नागनाथनं खाली सही केली. फोटो दारावरच्या सिद्धप्पाच्या टेबलावर चिकटवला गेला. सिद्धप्पा अक्कलकोटाकडचा, साठी उलटलेला, कानडी वळणानं बोलणारा. त्यानं फोटो बघितला, माणूस बघितला, आणि मान हलवली.

नागनाथ त्याच दिवशी आणखी दोन क्लबांत गेला. एकानं नाव लिहून घेतलं. दुसरा, जुन्या नाक्यापलीकडचा, हसला. “असं समदेच सांगाय लागले तर आमी काय भजनं करायची का हितं?”

नवव्या दिवशी नागनाथ पुन्हा सात रस्त्याच्या जिन्यावर होता. कसा आला ते त्याला सांगता आलं नसतं.

“न्हाय री जॉबर,” सिद्धप्पा उठून दारात उभा राहिला.

“अरे, नुसतं बसतो. खेळत न्हाय.”

“न्हाय.”

“माझाच फोटो हाय न्हवं त्यो? मीच दिला, मीच परत मागतो. फाड.”

“तुमीच लिहून दिलंय की, मी सांगितलं तरी ऐकू नका म्हणून. आता मी कुठल्या जॉबरचं ऐकू? त्या दिवशीच्या का आजच्या?”

नागनाथनं त्याला आईवरून शिवी दिली. आतली माणसं मान वळवून बघू लागली. तो तिथंच पायरीवर बसला. सिद्धप्पानं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. पाणी पिऊन नागनाथ उठला आणि घरी गेला. चारलाच घरी आलेला बघून शालननं विचारलं, “बरं न्हाय का?”

वहीनं माणूस बदलला असं मात्र झालं नाही. दोन वेळा तो नाक्यापलीकडच्या क्लबात गेला आणि खेळून आला. पण तिथं जायचं म्हणजे दोन रिक्षा बदलायच्या. पाऊण तास जायचा, आणि पुष्कळदा दुसरी रिक्षा मिळेपर्यंत अंगातली ती धग ओसरलेली असायची. मग तो तसाच परत फिरायचा. पूर्वी मोह आणि टेबल यांच्यात एक जिनाच होता. आता थोडी जागा झाली होती, तेवढ्यात दम घेता येत होता. खेळून आला ते दोन्ही वेळा त्यानं घरी सांगितलं. शालननं ऐकून घेतलं.

सहा महिने सरले. फोनवरची मुदत जुलैत संपली तेव्हा धम्मप्रियानं ती त्याच्यासमोरच वाढवून घेतली. क्लबातली मुदत वाढवणं त्याच्यावर होतं, आणि तो आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिला. शेवटी ऑक्टोबरच्या एका रविवारी नाव पुन्हा लिहायचं म्हणून निघाला. निदान घरात तसं सांगून निघाला.

दारात सिद्धप्पा नव्हता. गुडघे धरले म्हणून तो गावी गेलेला. गुरुराजही काम सोडून गेलेला. त्याच्या खुर्चीत अमरेश नावाचा तरुण होता, केस चापून बसवलेला. “या काका, तीन नंबरला जागा आहे,” तो म्हणाला.

नागनाथ बसला. पानं वाटली गेली. कुणीतरी आता आपल्याला उठवेल, म्हणून तो वाट बघत राहिला. कुणी आलं नाही. त्यानं पानं उचलली. बदामाची तिर्री, चौका, पंजा, एकापाठोपाठ एक. वर जोकर. कानातला मागांचा आवाज थांबला होता. किती दिवसांनी! त्याला रडू येईल असं वाटलं.

समोरचा म्हणाला, “उचला की पान.”

नागनाथनं पानं उलटी टेबलावर ठेवली. उठताना त्याला खुर्चीचे दोन्ही हात धरावे लागले. “माझं नाव वहीत हाय,” तो अमरेशला म्हणाला.

“कुठल्या वहीत?”

ती सापडायला वीस मिनिटं गेली. खालच्या खणात, जुन्या वीजबिलांखाली होती. अमरेशनं शेवटचं पान उघडलं आणि दोघंही वाकून बघत राहिले. नागनाथच्या नावाखाली आणखी सात नावं होती. गुरुराजचंच अक्षर, तोच मजकूर, आणि पानात खोचून ठेवलेले आठही जणांचे फोटो. काहींच्या तारखा एकाच आठवड्यातल्या. तिसरं नाव राजेसाबचं होतं. चौकातला शिंपी, दहा वर्षं त्याच्या शेजारी बसणारा. आज टेबलावर दिसला नाही तेव्हा बहुतेक पुण्याला लेकाकडं गेला असेल, असं नागनाथ समजला होता.

“काका, ही माणसं आली तर मी खरंच अडवायचं?” अमरेशनं विचारलं.

“व्हय. शिव्या देतील. मी दिल्या व्हत्या.”

नागनाथनं यावेळी एक वर्ष लिहवून घेतलं. आठही फोटो परत दारातल्या टेबलावर लावायला लावले, आणि ते लावून होईपर्यंत टेबलाकडं पाठ करून उभा राहिला.

घरी शालन मेथी निवडत बसली होती. तो समोर टेकला.

“लिहिलं का नाव?”

“लिहिलं. त्याच्या आदी बसलो व्हतो टेबलावर. पानं हातात घेतली. मग उठलो.”

शालनचा हात थांबला. “पण बसला व्हता.”

“व्हय. बसलो व्हतो.”

तिनं अर्धी जुडी त्याच्यापुढं सरकवली. “देठ लांब ठिवू नका,” ती म्हणाली. दोघं खाली मान घालून निवडत राहिले.