अठ्ठेचाळीसावं पान

भिंगावर तोंडाची वाफ सोडायची, मऊ फडक्यानं ते पुसायचं आणि मग एक डोळा मिटून समुद्राकडं धरायचं. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, हा कार्यक्रम चुकायचा नाही. भिंगातून समुद्र मनासारखा दिसला, की चाचा म्हणायचे, "हां, आता वाचा. जिथं अडाल तिथं थांबा."

मुरूडला किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर त्यांचं चष्म्याचं दुकान आणि माझं झेरॉक्सचं, मध्ये एक भिंत. तरुणपणी कुवेतला एका चष्म्याच्या दुकानात राबून ते परत आले होते. पांढरी दाढी, कडक इस्त्रीचा शर्ट आणि खिशाला ते फडकं. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं, म्हणून मीही. वयानं माझ्या वडिलांएवढे असूनही ते मला ताई म्हणायचे.

चष्म्याच्या दुकानात जवळचा नंबर काढायला एक कार्ड असतं, तुम्ही पाहिलं असेल. वरची ओळ मोठी, खालची बारीक, आणि अर्थ एकीलाही नाही. चाचांकडे ते कार्ड नव्हतं. त्यांच्याकडे एका मराठी कादंबरीचं एकच सुटं पान होतं, अठ्ठेचाळीसावं. "डोळ्याला कारण लागतं, ताई," ते सांगायचे. "नुसती अक्षरं दिली की डोळा आळस करतो. गोष्ट द्या, मग बघा कसा धावतो."

मूळ पान पिवळं पडून पापडासारखं झालं होतं, म्हणून ते मला त्याची झेरॉक्स काढायला द्यायचे. झेरॉक्स गिऱ्हाइकांच्या हाताळण्यानं मळली की पुन्हा मूळ पान घेऊन हजर. "हात धुतलेत ना, ताई?" हे दर वेळी विचारायचेच. मला राग यायचा. माझ्या मशीनची काच तुमच्या भिंगांपेक्षा स्वच्छ असते, असं मी एकदा सुनावलंसुद्धा. त्यांनी मान डोलावली आणि मी हात धुऊन येईपर्यंत पान काही पुढं केलं नाही.

त्या पानावर काय होतं, हे आमच्या बाजारात कोणीही सांगेल. ओहोटी लागलेली आहे, होडीचं बूड चिखलाला घासतंय, एक मास्तर कायमचं गाव सोडून निघालेत. एक बाई काठावरून धावत येते, हाक मारते. आणि शेवटची ओळ: "मास्तरांनी मागं वळून बघितलं, तर". तिथं पान संपतं.

त्यामुळं व्हायचं काय, की माणूस नंबर काढायला आत जायचा आणि "तर काय?" असं विचारत बाहेर यायचा. चाचा म्हणायचे, "ही किताब माझ्याकडं न्हाय. पण त्याच लेखकाच्या दुसऱ्या दोन हायत. वाचून परत आणा." अशानं गावात त्या लेखकाचा एक गोतावळाच तयार झाला. लेखकाचं नाव मी मुद्दाम घेत नाही. तुमचा जो कोणी आवडता असेल, तोच धरून चाला. त्याची पुस्तकं तेव्हा कुठंच मिळत नसत. अलिबागच्या दुकानदाराला विचारलं, तर तो पुराणकाळातलं काहीतरी मागितल्यासारखा बघायचा. आमच्याकडे फक्त त्या दोन कादंबऱ्या होत्या आणि त्या घरोघर फिरून शेवग्याच्या शेंगेसारख्या चोखून झाल्या होत्या. पुढं मोबाइल आले तेव्हा या मंडळींनी एक गट काढला. त्याचं नावच मुळी "तर".

एकदा बाजारातली एक कोळीण नंबर काढायला आली. चाचांनी तिच्या नाकावर ती चाचणीची जड गोल फ्रेम चढवली आणि पान हातात दिलं. तिनं धडाधडा सुरू केलं, "ओहोटी लागली व्हती..." आणि थेट "तर"पर्यंत एका दमात आली.

"अगं थांब!" चाचा ओरडले. "भिंग अजून माझ्या हातात हाय!"

"मना सगलं दिसतंय, चाचा," ती म्हणाली.

शेजारणींकडून ऐकून ऐकून तिला पान पाठ झालं होतं. मग कळलं, की गावात असे बरेच आहेत आणि त्यातले काही चुकीचा नंबर नाकावर घेऊन हिंडताहेत. चाचांनी पान उलटून मागचं सत्तेचाळीसावं वापरून पाहिलं. पण त्यावर भातलावणीचं वर्णन होतं आणि त्यावर कोणाचाच डोळा धावेना. पुन्हा होडी आली.

या पानाची खरी गोष्ट मला बऱ्याच वर्षांनी कळली. दुपारी वीज गेली होती, मशीन थंड पडलं होतं आणि रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. समुद्र नुसता चकाकत पडला होता. मी त्यांच्या बाकावर जाऊन बसले आणि सहज म्हटलं, "चाचा, आता तरी सांगा. तर काय?"

"मला काय ठावं?" ते म्हणाले.

मला आधी थट्टाच वाटली. पण त्यांनी तीही कादंबरी तिथवरच वाचली होती. कुवेतला त्यांच्या खोलीत माणगावचा एक दोस्त होता, किताब त्याची. बांधणी सैल झालेली, वाचताना सुटं झालेलं पान हरवायला नको, म्हणून चाचा ते काढून उशीखाली ठेवायचे. एक दिवस हे कामावर असताना दोस्ताला घरून तातडीचं बोलावणं आलं. त्यानं सामान भरलं आणि तो किताबीसकट गेला. तो परत आला नाही. चाचा गावी आल्यावर माणगावात जाऊन शोधून आले, पण त्याचं बिऱ्हाड कुठं गेलं ते कोणाला सांगता येईना.

"म्हणून सगळ्यांना वाचायला देतो," ते म्हणाले. "कधीतरी कोणीतरी 'तर'पाशी थांबणार न्हाय. पुढचं बोलेल. ज्यानं ती किताब वाचलीय तो."

इतकी वर्षं हा माणूस आपले डोळे तपासतोय असं आम्हाला वाटत होतं.

त्या सुमारास त्यांनी मला एक विचारायला सुरुवात केली. "ताई, आज भरती का ओहोटी?" समुद्र त्यांच्या बाकावरून दिसायचा, माझ्या खुर्चीवरून नाही. म्हातारा गप्पांना निमित्त शोधतोय, असं समजून मी उठून बघायचे आणि सांगायचे. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. चष्मा देणाऱ्याच्या डोळ्यांकडे कोण बघतं?

आणि मग ते सुरू झालं. पुण्याला गेलेल्या कोणीतरी गटावर फोटो टाकला: पुस्तकांच्या दुकानात, दर्शनी टेबलावर, आमच्या लेखकाच्या दोन कादंबऱ्या. नवीकोरी मुखपृष्ठं. कोणा नव्या प्रकाशकानं त्या पुन्हा काढल्या होत्या. काही दिवसांनी पनवेलला तीन दिसल्या. मग अलिबागच्या त्याच दुकानदाराकडे अख्खा कप्पा. रोज कुठून तरी फोटो यायचा आणि आम्ही घरातल्या मुलीचं स्थळ जमल्यासारखे हरखायचो. खरं सांगते, थोडं वाईटही वाटायचं. इतकी वर्षं फक्त आपला असलेला माणूस आता कोणालाही पिशवीत घालून मिळणार होता.

चाचा रोज एवढंच विचारायचे, "ती आली का?"

"ती नाही, चाचा. दुसरी."

"येईल, इन्शाल्ला."

ती मलाच दिसली, माणगावला. मशीनची शाई आणायला गेले होते. स्टँडजवळच्या दुकानात परीक्षांच्या गाईडांच्या शेजारी चार कादंबऱ्या रांगेत उभ्या, आणि त्यांत ती. दुकानदार म्हणाला, "हल्ली लय मागणी हाय याला." मी शाई विसरून पुस्तक घेतलं. वर प्लास्टिक होतं, ते फाडलं नाही. एसटीत दोन तास मांडीवर धरून बसले, पण पहिलं उघडायचा मान चाचांचा होता.

त्यांनी ते हातात घेतलं आणि बराच वेळ नुसतं चाचपत राहिले. प्लास्टिक फाडलं, वास घेतला. मग पुस्तक माझ्याकडे दिलं. "अठ्ठेचाळीसावं काढून द्या, ताई. हात थरथरतोय."

मी पान काढून दिलं. नजर टाकली तर तिथं कुठल्याशा लग्नाची पंगत बसली होती. नव्या पुस्तकातली अक्षरं मोठी, त्यामुळं पानांचे आकडे सरकले होते. मी ते सांगणार, तोच चाचांनी चष्मा सारखा केला, पुस्तक बरोब्बर वीतभर अंतरावर धरलं आणि बोट फिरवत वाचायला लागले, "ओहोटी लागली होती. होडीचं बूड चिखलाला घासत होतं..."

ओळीमागून ओळ, एक शब्द चुकला नाही. बोट पंगतीवरून फिरत होतं. भरती-ओहोटी, थरथरता हात, सगळं एकदम कळलं. "तर"पाशी आले आणि थांबले. पान उलटलं. मग तसेच बसून राहिले.

मला रडू येत होतं, पण ती वेळ नव्हती. "द्या इकडं," मी म्हटलं. "तुम्ही दिलेला नवा चष्मा चालतो का बघू दे तरी."

त्यांनी पुस्तक सोडलं. "डोळ्याच्या पडद्याचं दुखणं हाय, ताई," हळूच म्हणाले. "त्याला भिंग न्हाय." आणि लगेच नेहमीच्या आवाजात, "हां, वाचा. जिथं अडाल तिथं थांबा."

मी होडी शोधून काढली, एकसष्टाव्या पानावर. वाचलं: "मास्तरांनी मागं वळून बघितलं, तर बाईच्या हातात त्यांच्या चपला होत्या. चिखलात उतरताना काढून ठेवलेल्या, तशाच विसरलेल्या."

चाचांची दाढी हलायला लागली. "चपला?" ते म्हणाले. "अख्खं गाव म्हणतं तिनं जीव दिला! मी म्हणायचो, हिचा नवरा आला! आणि चपला!" हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. खिशाचं फडकं काढून त्यांनी डोळे पुसले. ते फडकं मी भिंगांशिवाय दुसऱ्या कशाला लागलेलं कधी पाहिलं नव्हतं.

पुढं रोज दुपारी, गिऱ्हाईक नसताना, मी वाचायचे आणि ते समुद्राकडं तोंड करून ऐकायचे. पुस्तक संपलं तेव्हा श्रीवर्धनला राहणारी त्यांची मुलगी त्यांना न्यायला आली. मी आगरदांड्याच्या धक्क्यापर्यंत गेले. फेरीबोटीत चढण्याआधी त्यांनी चष्म्याच्या डबीतून ते मूळ पान काढून माझ्या हातावर ठेवलं.

"दोस्ताची किताब कुठंतरी असेल," म्हणाले. "जो वाचत असेल त्याला नुसत्या चपला दिसत असतील. ना होडी, ना हाक. कोणाच्या चपला, त्याला काय कळणार? सापडली तर हे आत घाला."

बोट हलली. मी "चाचा!" अशी हाक मारली. त्यांनी मागं वळून बघितलं, मी होते त्याच्या जरा उजवीकडं, आणि हात हलवला.

पावसाळा उलटला आणि मुलीचा फोन आला. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं होतं.

त्यांच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. गटावर अजून फोटो येतात; आमचा लेखक आता काशीदच्या किनाऱ्यावर शहाळ्यांच्या गाडीशेजारीसुद्धा मांडलेला असतो. मी नव्या पुस्तकांपाशी थांबत नाही. कुठं रद्दीचं दुकान दिसलं, की आत शिरते. त्या कादंबरीची जुनी आवृत्ती मिळालीच तर शेहेचाळीसावं पान काढते आणि त्याच्यासमोर एकोणपन्नास आहे का बघते. आजवर दर वेळी सत्तेचाळीसच निघालंय. तरी पर्समध्ये पान असतं, आणि आत शिरण्याआधी मी बाटलीतल्या पाण्यानं हात धुते.