रफीकला न शिकवलेले दोन सूर

मी गाव सोडलं त्या दिवशी माझे वडील, अप्पा, मला आखाडा बाळापूरच्या बसस्टँडवर सोडायला आले ते बँडच्या लाल कोटात. दुपारी डोंगरकड्याला लग्नाची सुपारी होती, वाजवणारे टेम्पोत बसून त्यांची वाट बघत होते. कोटाच्या बाहीची सोनेरी फीत सुटली होती, ती ते सारखी आत खोचत होते. स्टँडवरची माणसं बघून हसत होती आणि खरं सांगतो, मला अप्पांची लाज वाटत होती. नांदेडची बस लागली. "ओठ जप," अप्पा म्हणाले, "थंडीत फुटू देऊ नको." ट्रम्पेट वाजवणाऱ्या पोराला बँडचा मास्तर दुसरं काय सांगणार?

त्याआधीच्या आठ दिवसांत आमचं एवढंच बोलणं झालं होतं. "ऐन सीझनमधी काहून चालला?" त्यांनी विचारलं होतं. मी म्हणालो, हैदराबादच्या बँडातली जागा थांबणार नाही. "आन् इकडची थांबती व्हय?" यावर मी गप्प बसलो. डीजे आल्यापासून आमची बारा माणसांची पार्टी सातांवर आली होती, आणि त्या सातांपैकी मीच तरुण होतो. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांना हा गप्प बसण्याचा प्रकार ठाऊक असेल.

अप्पांच्या वाजवण्याची एक तऱ्हा होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्याकडं लग्नाआधी नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला जातो, त्याला परण्या म्हणतात. पुढं बँड, मागं घोडा. सगळ्या वाजवणाऱ्यांच्या पाठी नवरदेवाकडं. अप्पांना ते पटायचं नाही. "त्या लेकराला काय समद्यांच्या पाठीच दिसायच्या का? एक तरी तोंड दिसू द्या," म्हणत ते सगळ्यांच्या पुढं जाऊन बँडकडं तोंड करून उभे राहायचे आणि क्लॅरोनेट वाजवत उलटे चालायचे. मारुतीपर्यंत उलटे. एकदाही मागं वळून बघायचे नाहीत, कारण त्यांच्या मागचा रस्ता मला दिसायचा. मी पहिल्या ओळीत. खड्डा आला, नाली आली, की मी चालू गाण्यातच दोन तुटक सूर घुसवायचो, पों-पों. अप्पा थांबायचे, पायानं चाचपायचे, ओलांडायचे. गाणं कुठं तुटायचं नाही. लोकांना वाटायचं, चालच तशी आहे.

माझ्या जागी अप्पांनी कळमनुरीच्या रफीकला घेतलं. दम माझ्यापेक्षा चांगला, सूर स्वच्छ. त्या आठ दिवसांत मी त्याला आमची सगळी गाणी बसवून दिली. परण्याची, वरातीची, मुलगी सासरी निघतानाची. कुठं श्वास घ्यायचा, अप्पांची भुवई वर गेली की काय करायचं, तेही सांगितलं. ते दोन सूर तेवढे सांगायचे राहिले. ते गाणं नव्हतं, त्याला नाव नव्हतं, आम्हा बापलेकांत त्यावर कधी एक शब्द बोलणं झालं नव्हतं. पापणी लववायला शिकवतं का कुणी?

हैदराबादला बँडचं दुकान म्हणजे एका गल्लीतलं शटर, आत खिळ्यांना लटकवलेले पांढरे कोट आणि घामाचा वास. बोली ऐकून बरं वाटलं, आमच्या बाजारात ऐकलेलीच उर्दू. बाकी सगळं वेगळं. बारातीत दिव्यांची गाडी, गाडीवर कीबोर्ड, दोन भले मोठे स्पीकर, आणि तिथला मास्टर गाडीवर उभा. पहिल्याच बारातीत मी जीव तोडून फुंकत होतो, तर तो वरून ओरडला, "फूंको नक्को! खाली पकड़के चलो!" म्हणजे फुंकू नको, नुसतं धरून चाल. आवाज स्पीकरचा, आम्ही फक्त शोभेला. चौदा वर्षं अप्पांच्या हाताखाली घासलेला गडी नुसतं पितळ तोंडाला लावून चालत होता. तरी रस्त्यात खड्डा दिसला की माझ्या तोंडून पों-पों निघायचंच. मास्टर चिडायचा. शेजारचे हसायचे. घरी मात्र मी फोनवर सांगायचो, इथं फार मोठं काम आहे.

दुसऱ्या सीझनमध्ये रफीकचा फोन आला. "भाई, मास्टर गिर गए." परण्या निघाला होता. गल्लीत पाइपलाइनसाठी आडवी चारी खोदलेली. रफीकला ती दिसली, पण त्याला वाटलं, इतकी वर्षं उलटं चालणारा माणूस, त्यांना माहीत असेल. अप्पा वाजवता वाजवता पाठीवर पडले. क्लॅरोनेट दोन्ही हातांनी वर धरलेलं, त्याला ओरखडा नाही. खुब्याचं हाड मोडलं. नंतर कधीतरी मीच रफीकला त्या दोन सुरांचं सांगितलं. तो म्हणाला, "एक बार बोल दिये होते तो मैं बजा देता ना, भाई." त्याचा आवाज रडका झाला होता. माझा नव्हता, याचाही मला राग येतो.

चार दिवसांची सुटी काढून घरी गेलो. ऑपरेशन झालं होतं, पण अप्पांना एकट्यानं उठता येत नव्हतं. मोरीपर्यंत न्यायचं तर त्यांचे दोन्ही हात धरून मी त्यांच्याकडं तोंड करून उलटा चालायचो आणि ते माझ्या अंगावर भार टाकत पुढं यायचे. पहिल्याच सकाळी मी असा चाललो असताना त्यांच्या सुकलेल्या ओठांतून आवाज आला, "पों-पों." मी थांबलो. माझ्या टाचेमागं उंबरा होता.

तिथंच उभ्या उभ्या मी म्हणालो, "अप्पा, त्या दिवशी एकदा तरी मागं बघायचं होतं."

"काहून बघू? कान होते की," ते म्हणाले. "तुझा आवाज आला न्हाई, म्हंजे रस्ता साफ हाय, असं वाटलं. तू न्हाईस, हे ध्यानातच राहिलं न्हाई." त्यांनी हे रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ते साधं सांगत होते, भाकरी झाली का विचारावं तसं. मी त्यांना उंबरा ओलांडून मोरीत नेलं आणि चौथ्या दिवशी परत हैदराबादला आलो.

पुढं पावसाळ्यानंतर पुन्हा सुपाऱ्या सुरू झाल्या. मायचा फोन रोज यायचा. एकदा दोन दिवस आला नाही. मला वाटलं, घरी सगळं ठीक असेल. तिसऱ्या दिवशी सकाळी रफीकनं कळवलं, अप्पा गेले. अप्पांनी दोन दिवसांपासून खाणं सोडलं होतं आणि माझ्या कामात खोळंबा नको म्हणून मायनं फोन केला नव्हता. मी पोचलो तेव्हा मातीही होऊन गेली होती. आवाज आला नाही म्हणजे रस्ता साफ, ही अप्पांची चूक मी त्यांना बोलून दाखवली होती, आणि तीच चूक मी जशीच्या तशी केली.

आता फोन मी करतो, रोज सकाळी. माय वैतागते. "काहून केला रे? समदं बराबर हाय की." ती काय म्हणते ते मी नीट ऐकतही नाही, मला फक्त आवाज यायला हवा असतो. पलीकडं तिचं भांडं आपटतं, कोंबडी ओरडते, ती "व्हय" म्हणते. मला गाव म्हटलं की आता एवढंच उरलंय. तिनं फोन उचलेपर्यंत, अप्पांसारखा उलटा चालत असल्यागत, माझा पाय मागच्या मागं पडत असतो, आणि टाचेमागं काय आहे ते मला सांगणारं कुणी नसतं.