नानांच्या काळजावरची चरबी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं होतं तरी काय? एक विनोद होता — तोही न केलेला.

नाना, माझे थोरले भाऊ, अंगाने काडी. मी लहानपणापासून गोल. पंगतीत बसलो की नाना चारचौघांत ओरडणार, "पोत्या, बठ्ठं तूच खाई जाशी का?" सगळे हसायचे, मीही हसायचो. आतून चरफडायचो — पन्नाशी उलटली तरी.

दिवाळीनंतर सोनगीरचा किल्ला चढताना नानांना धाप लागली. धुळ्याला मीच त्यांना नेलं. छातीचा स्कॅन झाला. नाना कंटाळून चहाला गेले आणि डॉक्टरांनी मला आत बोलावलं. म्हणाले, हृदयाभोवती चरबी साठली आहे. बारीक माणसातही साठते, वरून कळत नाही. रक्तवाहिन्यांचंही लक्षण बरं नाही. उद्याच आणा, औषध सुरू करू. तोवर जड काम नको.

मला काय वाटलं, सांगू? — बरं वाटलं.

बाहेर नानांनी विचारलं, "काय म्हने रे डॉक्टर?"

"काय नही, ग्यास शे."

कारण चार दिवसांनी मळ्यात भरीत-पार्टी होती. सगळा गोतावळा जमणार होता. वाक्य मी तयार ठेवलं होतं — "नाना, मन्ही चरबी पोटवर, तुन्ही काळीजवर!" एकदा तरी लोक माझ्या बाजूने हसावेत. मग दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेणारच होतो, असं मी स्वतःला सांगत होतो.

भरीत दरवर्षी नानांच्याच हातचं. भाजलेली वांगी ते लाकडी बडगीत कुटत होते. मी सगळे पंगतीला बसायची वाट बघत होतो. कुटण्याचा आवाज थांबला. नाना छाती धरून खाली बसले. माणसं धावली.

"काय नही, ग्यास शे," नाना म्हणाले. "याले इचारा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ऐकणारे हवे होते ना मला? — मिळाले. मी मान डोलावली. कुणी ओवा आणला, कुणी सोडा. गाडी काढेपर्यंत बराच वेळ गेला होता. धुळ्याच्या अलीकडेच नाना गेले.

तेराव्याला लोक हळहळत होते — एवढा बारीक माणूस, त्याला कसं झालं? वहिनी येईल त्याला सांगायच्या, भाऊजींनी वेळेत दवाखान्यात नेलं होतं, काहीच निघालं नव्हतं. अजून सांगतात. मी समोरच बसलेला असतो. चहा पितो.