होडीच्या नाकावरची अक्षरं

होडी घेण्याचा माझा काही विचार नव्हता. तोंडातून निघून गेलं आणि मग घ्यावी लागली.

बायको आणि मुलगी पुण्याला, मी जपानात ग्योतोकुला, आणि मध्ये लॅपटॉपचा पडदा. मुलगी साडेपाच वर्षांची. पहिले काही दिवस ती पडद्याला नाक लावून बोलायची. पुढेपुढे शेजारच्यांचं मांजर तिला माझ्यापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटायला लागलं. त्यात तिची चूक नव्हती, मांजर तिच्याजवळ होतं. एका रविवारी ती मध्येच उठून चालली तेव्हा मी घाईघाईने म्हणालो, "अगं, बाबा होडी घेतोय." ती परत आली.

"खरी?"

"खरी."

"मला बसायला?"

"मग काय मला बसायला?"

ग्योतोकुला असताना ती पुलावर तासन्‌तास उभी राहून होड्या मोजायची. दोघींना परत आणायचं तर हाच एक गळ माझ्याकडे होता, आणि तो मी टाकला. हे लिहायला बरं वाटत नाही, पण ती होडी आमिष होती.

भूकंपानंतर सहाव्या दिवशी दोघी गेल्या होत्या. अणुवीज केंद्र फुटलं होतं. पाणी, दूध, पालक, वारा, त्या आठवड्यात सगळ्याचीच भीती वाटत होती, आणि ती भीती उगाच होती असं मी आजही म्हणणार नाही. ठरलं होतं पंधरा दिवसांचं. मी मागे राहिलो कारण हातातलं काम अर्धवट होतं, आणि कारण ऑफिसातल्या जपानी मंडळींसमोर मला पळपुटा ठरायचं नव्हतं. यातलं दुसरं कारण खरं. पंधरा दिवसांचा महिना झाला, मे गेला, आणि जूनमध्ये बायको म्हणाली, "तिला इथल्या शाळेत घातलंय. तात्पुरतं." मी भांडलो. फोनवर भांडण्यात काही राम नसतो. दार आपटता येत नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप पुढे करून मिटवताही येत नाही.

घरापासून दहा मिनिटांवर एक अरुंद कालवा मोठ्या नदीला मिळतो. तिथे एक म्हातारं जोडपं मासे धरायला येणाऱ्यांना वल्ह्यांच्या होड्या भाड्याने द्यायचं. भूकंपात त्यांचा लाकडी धक्का एका अंगाला कलला होता, आणि इथले मासे खायला लोक घाबरत असल्यामुळे गिऱ्हाईकही आटलं होतं. म्हातारा एकेक होडी विकून टाकत होता. मी विचारायला गेलो तेव्हा त्याने विचारलं, "मासे धरणार?"

"नाही. मी मासे खात नाही."

"मग?"

"मुलीला बसवायला."

त्याने माझ्या मागे वाकून पाहिलं. मुलगी भारतात आहे म्हटल्यावर जरा वेळ डोकं खाजवलं आणि आपल्या मते सगळ्यात चांगली, माझ्या मते सगळ्यात जुनी, लाकडी होडी मला दिली. ती त्याच्याच धक्क्याला बांधायची असं ठरलं. माझं नाव त्याला उच्चारता येईना, म्हणून तो मला इन्दो-सान म्हणायला लागला. अख्ख्या देशाचं नाव मिळाल्यामुळे मी तक्रार केली नाही.

मी पुण्याचा. पाणी एक तर नदीतून खाली जातं नाहीतर धरणात गप्प बसतं, एवढीच माझी समज. दिवसातून दोनदा ते माणूसभर उंच चढतं आणि उतरतं हे शाळेच्या पुस्तकात होतं, अंगात नव्हतं. पहिल्या दिवशी संध्याकाळी, भरतीच्या वेळी, चोरीला जाऊ नये म्हणून म्हैस बांधावी तशी मी होडी आखूड दोराने, तीन गाठी मारून बांधली आणि खुशीत घरी आलो. सकाळी पाहतो तर ओहोटी. होडी नाकाने भिंतीला लटकलेली, शेपूट चिखलात, आणि आतली बादली, फळी, माझ्या चपला, सगळं घसरून खाली काळ्या गाळात. म्हातारा कमरेवर हात ठेवून बघत उभा होता.

"इन्दो-सान," तो म्हणाला, "पाणी खाली गेलं की होडीलाही जाऊ द्यायचं असतं."

मग त्याने मला नाकाला एक, शेपटीला एक, असे दोन दोर बांधायला शिकवले, आणि ढील किती ठेवायची ते हाताने मोजून दाखवलं. मी ही गंमत बायकोला फोनवर रंगवून सांगितली. ती फक्त "हं" म्हणाली.

लाकडी होडी म्हणजे दुखणाईत माणूस. रोज थोडं पाणी आत येणारच, ते उपसायचं. ऑगस्टच्या उन्हात पाण्यावरच्या फळ्या सुकल्या की फटी पडतात. त्यांत हिनोकी झाडाच्या सालीचा काथ्या बोथट छिन्नीने ठोकून बसवायचा. तळाला पांढऱ्या खडबडीत शिंपल्या धरतात, त्या खरवडायच्या आणि तांबडा रंग द्यायचा. दर शनिवारी सकाळी मी हे करत असे. आठवडाभर ऑफिसात मी बोलायचो ते कामाचं. सुट्टीच्या दोन दिवसांत तर कोनबिनीतल्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातल्या मुलीने "डबा गरम करून देऊ?" विचारलं की "हो" म्हणायचं, एवढंच माझं संभाषण. घर इतकं गप्प असायचं की फ्रीज सुरू झाला तरी मी मान वळवून पाहायचो. होडीला निदान माझी गरज होती. आठ दिवस गेलो नाही तर ती बुडाली असती.

डिसेंबरमध्ये म्हातारा खोकल्याने इस्पितळात गेला आणि जानेवारीत वारला. मला कळलं ते दुकानाच्या बंद शटरवर लावलेला शोकाचा कागद बघून. मागच्या दाराने आत जाऊन मी वाकलो, पुस्तकात शिकलेलं सांत्वनाचं वाक्य म्हटलं, आणि पुन्हा वाकलो. म्हातारी म्हणाली, होडी आहे तिथेच राहू द्या. त्याच महिन्यात माझं ते अर्धवट कामही संपलं. मी दुसरं मागून घेतलं. बायकोला म्हणालो, त्यांनी सोडलं नाही.

फेब्रुवारीत बायको म्हणाली, मेच्या सुट्टीत येऊ बहुतेक. 'बहुतेक' मी ऐकलंच नाही. दुसऱ्याच दिवशी पांढरा ऑइलपेंट आणला आणि होडीच्या नाकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: लवकर या. ब्रश जाड होता, शेवटच्या 'या'चा काना ओघळला, पण लांबून छान दिसत होतं. फोटो पाठवला. बायकोने उलट एक हसरा चेहरा पाठवला.

पुढच्या शनिवारी गेलो तर नाकाजवळच्या फळीवर चहाचा कप. हिरवा चहा, अगदी गार, आणि शेजारी एक संत्रं. मी इकडेतिकडे पाहिलं. म्हातारी दुकानाच्या खिडकीत होती, तिने मान लववली. मीही लववली, चहा प्यायलो, संत्रं खाल्लं, कप नळावर धुऊन तिच्या पायरीवर उपडा ठेवला. पुढच्या शनिवारी पुन्हा कप, या वेळी बरोबर लाल घेवड्याचं सारण भरलेला गोड पाव. गार चहा द्यायची यांची पद्धत असेल असं मी समजलो. खरं सांगायचं तर तो कसाही असता तरी मला चाललं असतं. कोणीतरी माझ्यासाठी चहा करून ठेवत होतं. त्या कपासाठी मी शनिवारची दाढी करून जायला लागलो.

दहा आठवडे हे चाललं. एप्रिलच्या शेवटी एकदा मी तळाला रंग देत असताना म्हातारी धक्क्यावर आली आणि तिने हात जोडले. मीही उठून हात जोडले. ती डोळे मिटून तशीच उभी राहिली, मी ब्रश काखेत धरून तसाच उभा. मग लक्षात आलं की तिचा नमस्कार मला नव्हता. माझ्या गुडघ्याच्या बाजूला, होडीच्या नाकाला होता.

"इन्दो-सान," डोळे उघडून ती म्हणाली, "कोणत्या देवाची अक्षरं आहेत ही? देवळातून मिळालेल्या फळीवरही तुमच्याच देशातली अक्षरं असतात, पण कोणाला वाचता येत नाहीत. तो गेल्यावर एकोणपन्नास दिवसांचं सुतक संपायच्या आत तुम्ही लिहिलीत. तुमचे नीट आभारही मानले नाहीत मी."

मला एकदम स्टेशनजवळची दफनभूमी आठवली. तिथल्या प्रत्येक थडग्यामागे उंच लाकडी पट्ट्या असतात आणि त्यांवर आपल्या अक्षरांच्या चुलतभावंडांसारखी अक्षरं. म्हणजे चहा त्याचा होता. संत्रंही त्याचं. अडीच महिने मी एका मेलेल्या माणसाचा नैवेद्य खात होतो.

पण आधी आला तो राग. माझ्या पोरीच्या होडीपुढे मयताचं पान वाढतात म्हणजे काय! हव्या त्यापेक्षा जास्तच तोडून मी म्हणालो, "इथे कोणी मेलेलं नाही. हे माझ्या बायकोसाठी आणि मुलीसाठी आहे. लवकर या, एवढंच लिहिलंय."

ती अक्षरांकडे बघत राहिली. मग तिने तोंडावर हात ठेवला, खांदे हलायला लागले, आणि मला वाटलं, झालं, रडवलं मी म्हातारीला. ती हसत होती.

"म्हणजे इतके दिवस हा मला वर बोलावतोय होय? त्याला म्हणावं, येतेच आहे, पण गुडघे दुखतात, घाई करू नकोस."

मीही हसलो. दोघंही जरा जास्तच हसलो. मग तिने ॲप्रनने डोळे पुसले आणि मी चहाबद्दल माफी मागितली. "त्याला दाखवून झाला की तो कोणीतरी प्यायचाच असतो," ती म्हणाली, "पण पहाटेचा ठेवलेला हो तो! गरम हवा होता तर सांगायचं नाही का?" त्यानंतर ती गरम द्यायला लागली. तरी त्या दिवशी घरी येऊन मी बराच वेळ बूटही न काढता दारातच बसलो. ज्या कपाने मला इतके दिवस धरून ठेवलं होतं, तो माझ्यासाठी नव्हताच. मला एकटं वाटत होतं, आणि किती, ते मला त्या दिवशी कळलं.

मेमध्ये दोघी आल्या. चौदा महिन्यांनी. मुलगी उंच झाली होती, पुढचे दोन दात पडले होते. घरात शिरल्यावर तिने पाहुण्यासारखं विचारलं, "बाथरूम कुठेय?" शेजारच्या बाई कौतुकाने जपानीत काहीतरी म्हणाल्या तर ती आईच्या मागे लपली. पूर्वी याच बाईंशी ती जपानीत भांडायची. मी मनातल्या मनात म्हटलं, महिन्याभरात सगळं परत येईल. निशी-कसाईच्या इंडियन शाळेचा प्रवेशाचा फॉर्म मी आधीच आणून ठेवला होता. होडीतून फिरवून आणायचं, पोरगी खूश झाली की बायकोपुढे फॉर्म ठेवायचा, असा माझा बेत होता.

चौथ्या दिवशी गेलो. मुलीने होडीच्या नाकावरची अक्षरं बोट लावून वाचली. पुण्याला गेली तेव्हा तिला मराठी वाचता येत नव्हतं. "या चा काना वाकडा आलाय," ती म्हणाली. म्हातारीने लहान मुलाचं लाइफ जॅकेट शोधून आणून स्वतः तिच्या अंगात घातलं. मी दोर सोडले.

ऊन छान होतं. नदीच्या तोंडाशी मासे उड्या मारत होते, मुलगी पाण्यात हात घालून खिदळत होती, बायकोने चपला काढून पाय फळीवर टेकवले होते. मी जरा जोरातच वल्ही मारत होतो. इतक्या महिन्यांत त्या दोन जागांवर फक्त बादली आणि ब्रश बसले होते. मी सुखात होतो, आणि फॉर्मची गोष्ट आत्ताच काढावी असं मनात आलं, तेवढ्यात मुलगी म्हणाली,

"बाबा, आता मला आमच्या घरी जायचंय."

"चला," म्हणून मी होडी वळवली. "दहा मिनिटांत पोचू."

"तिकडे नाही. आमच्या घरी."

जपानीत 'आपलं' आणि 'आमचं' असं वेगळं काढता येत नाही. मराठीत येतं, आणि पावणेसात वर्षांच्या मुलीलाही ते बरोबर कळतं. माझे हात थांबले.

बायकोने चटकन सावरलं. "आमच्या काय गं? आपल्या म्हणावं. बाबाचंही आहे ना ते."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. रुसून नाही, गणित अडल्यासारखी. "मग बाबा तिथे का राहत नाही?"

बायकोसाठी माझ्याकडे उत्तरं तयार होती, चौदा महिन्यांत घासूनपुसून ठेवलेली. हिला मी जे खरं होतं तेच म्हणालो. "बाबाला वाटत होतं की तुम्ही याल."

"आम्ही आलो ना," ती म्हणाली. "आता तुझा नंबर."

मी बायकोकडे पाहिलं. या वेळी तिने मुलीचं वाक्य सुधारलं नाही.