सिक्रेट नव्हे, कॉन्फिडेन्शियल

काहीही सांगायचं झालं की तो आधी उजव्या खांद्यावरून मागे पाही, मग डाव्या. मग तोंडापुढे हात धरून हळूच म्हणे, "आज डब्यात वांग्याची भाजी आहे." यात लपवण्यासारखं काय आहे, असं कोणी विचारलं तर उत्तर ठरलेलं. "हे सिक्रेट नव्हे, प्रायव्हेट आहे. फरक समजून घ्या."

इंग्रजांच्या राज्यात, नागपूरच्या सेक्रेटरिएटात तो आमच्या शाखेचा बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क होता आणि महाल मोहल्ल्यात माझ्या मागच्याच गल्लीत राहायचा. तोंडावर त्याला अहो-जाहो करावं लागे. इथे करणार नाही. तुमच्या कचेरीत असा एखादा असेल, तर तुम्ही मला दोष देणार नाही.

इंग्रजीत लपवाछपवीला जेवढे शब्द आहेत तेवढे त्यानं पाठ केले होते. दुपारी डबे उघडले की शिकवणी सुरू होई. जी गोष्ट आहे हेच कोणाला ठाऊक नसतं, ती सिक्रेट. जी आहे हे सगळ्यांना ठाऊक, पण आत काय ते निवडक लोकांनाच ठाऊक, ती कॉन्फिडेन्शियल. जिच्यात सरकारला रस नाही, ती प्रायव्हेट. साहेब क्लबात पितो ते प्रायव्हेट, चपराशी झाडामागे पितो ते क्लँडेस्टाइन, कारण त्या शब्दाला पापाचा वास येतो.

"आणि तुम्ही साहेबाच्या दाराला कान लावता, त्याला काय म्हणायचं?" मी एकदा विचारलं.

"ड्यूटी," तो म्हणाला, आणि भाकरी मोडू लागला.

एवढ्या शब्दांत ठेवायला त्याच्याजवळ होतं काय? बंगल्याचे पडदे कोणत्या रंगाचे आणि मेमसाहेबांचं कुत्रं कशानं लंगडतं. मला त्याची किळस यायची, आणि ती अजून गेलेली नाही.

लोकांच्या जिवाला घोर लावणारी एकच गोष्ट त्याच्या हाती होती. उन्हाळ्यात सगळं सरकार थंड हवेच्या पचमढीला हलायचं. आमच्या शाखेतले काही कारकून सोबत जायचे, बाकीचे नागपूरच्या उन्हात भाजायचे. कोण जाणार हे बडेबाबू आधी सांगत नसे. वशिले लागतात म्हणे. हा नियम सरकारचा नव्हता, त्याचाच होता. सगळ्यांनी वळकट्या बांधून स्टेशनावर यायचं आणि तिथे तो नावं पुकारायचा. ज्याचं नाव आलं नाही, त्यानं वळकटी उचलून घरी जायचं. पडलेले चेहरे बघताना त्याच्या मिशा हलायच्या. हसू तो मिशांतच ठेवायचा.

वासुदेव आमच्यातला साधा कारकून, उमरेडकडचा. त्या वर्षी त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते. घरात तिसरं माणूस नव्हतं. तो बडेबाबूच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला.

"बाबूजी, मले फक्त हो का नाही तेवढं सांगा. जा लागत असन तर बायकोले आजच उमरेडले पोचवून देतो. नसन तर इथंच राहू दे. या हालतीत तिले उगाच बैलगाडीत काहून हलवू?"

बडेबाबूनं दोन्ही खांद्यांवरून मागे पाहिलं. "कॉन्फिडेन्शियल आहे."

"मी कोनालेच नाही सांगत."

"म्हणूनच तर कॉन्फिडेन्शियल."

मी मध्ये पडलो, रागावलो, शेवटी हातही जोडले. त्यानं टाक उचलला आणि लिहायला लागला.

आपल्याला नेणार नाहीत असा अंदाज बांधून वासुदेवानं बायकोला घरीच ठेवलं. प्लॅटफॉर्मवर पहिलं नाव त्याचंच आलं. तिला शेजारणीवर सोपवून तो गाडीत चढला. आठवडाही झाला नसेल, पचमढीला तार आली. बायको वाचली होती, मूल गेलं होतं. वासुदेव रडत होता आणि बडेबाबू मला बाजूला घेऊन सांगत होता, "त्याला सांगा, कचेरीत नको. दुःख ही प्रायव्हेट बाब आहे."

त्या दिवशी मी त्याच्या अंगावर कसा धावून गेलो नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

पुढच्या उन्हाळ्याआधी त्याचं निवृत्तीचं वय झालं, तेव्हा त्यानं नोकरीची मुदत वाढवून मागितली. साहेबानं नाकारली आणि त्याच्या जागी दुसरा माणूस नेमला. स्टेशनावर नावं आता हा नवाच पुकारणार होता. ही बातमी चपराशापासून पाणीवाल्यापर्यंत सगळ्यांना कळली होती. फक्त बडेबाबूला कोणी सांगितली नाही. साहेबाला तोंडावर नाही म्हणायचा कंटाळा, आणि आम्हाला नियम पाळायचा होता. असा आनंद आमच्या शाखेत पूर्वी कधी झाला नव्हता.

ठरल्या दिवशी तो नवी वळकटी घेऊन, पांढरा फेटा बांधून प्लॅटफॉर्मवर आला. आम्ही सगळे गप्प उभे राहून वाट पाहत होतो. नवा बडेबाबू खाकरून पुढे झाला, तेवढ्यात वासुदेव आमच्यातून निघून म्हाताऱ्यापाशी गेला. त्याला धक्के देणार असं मला वाटलं. मी म्हणेन, द्यायलाच हवे होते.

"बाबूजी, तुमचं नाव नाही हाय. तुमची मुदत वाढली नाही. पुकाराच्या आधीच घरी चालले जा. हे सारे तमाशा पाहाले उभे हायेत."

म्हाताऱ्याच्या तोंडावरचा रंग उतरला. आता हा वासुदेवाचा हात धरील, असं मला वाटलं. त्यानं आधी उजव्या खांद्यावरून मागे पाहिलं, मग डाव्या.

"हे तुला कोणी सांगितलं?" तो कुजबुजला. "हे कॉन्फिडेन्शियल आहे."

वासुदेवानं म्हाताऱ्याची वळकटी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि बाहेर नेऊन टांग्यात ठेवली. म्हातारा टांग्यात चढला आणि टांगेवाल्याच्या कानाशी वाकला.

"जोरानं सांगा ना बाबूजी," टांगेवाला म्हणाला, "मले काहीच ऐकू नाही येऊन राहिलं."

म्हाताऱ्यानं पुन्हा मागे पाहिलं. आम्ही सगळे तिथे उभे होतो. तो तसाच वाकून बसून राहिला, आणि घरचा पत्ता शेवटी वासुदेवालाच सांगावा लागला.