घामाच्या खोल्या

रविवारी सकाळी पोहे-जिलेबीला आम्ही चार मित्र जमतो आणि दुसरी प्लेट येईपर्यंत कोणीतरी म्हणतंच, "हां भिया, या हफ्त्यात काय झालं?" मला किस्से सांगायची हौस नाही. पण लोकांच्या घरात लाकडाची खोली बांधून त्यांना घाम आणून द्यायचा, आणि तोही इंदुरात, असा धंदा असला की किस्से शोधत जावं लागत नाही. ते आपोआप साठतात. मी फक्त ते सांगून मोकळा होतो, कारण पोटात ठेवायला तेवढा दम आता राहिलेला नाही.

मल्हारगंजात आमचं फर्निचरचं वर्कशॉप आहे. मी आणि गंगारामजी. गंगारामजी सांवेरचे, माझ्यापेक्षा वयाने मोठे, रोज बसने येतात. मी डिझाइन करतो, ते मिस्त्रीकाम करतात, आणि ग्राहकाच्या शिव्या आम्ही दोघं मिळून खातो.

०

सौनाचं, म्हणजे घामाच्या खोलीचं, पहिलं काम आलं ते मे महिन्यात. ओळखीतले एक डॉक्टर मुलाकडे परदेशात राहून आले होते. मोबाइलवर फोटो दाखवून म्हणाले, "मुजुमदार, असंच गच्चीवरच्या खोलीत करून द्या." मी हो म्हणून बसलो.

मग गंगारामजींना समजावलं. मतलब, एक बंद खोली, चारही बाजूंनी लाकूड, कोपऱ्यात हीटर, हीटरवर दगड. आत ऐंशी डिग्री टेम्परेचर. लोक टॉवेल गुंडाळून बाकावर बसतात आणि घाम काढतात.

दुपारचे दोन वाजले होते. डोक्यावर पत्रा, पंखा गरम हवा फेकत होता. गंगारामजींनी गमछ्याने मान पुसली, फोटो परत एकदा पाहिला.

"तो भिया, उनको यहीं बिठा दो."

०

त्या पहिल्या सौनाला मी चीडचं, म्हणजे पाइनचं, लाकूड वापरलं. दिसायला सुंदर, गाठी-गाठीचं. मला वाटलं, गाठींनी खोलीला शोभा येईल. गाठीत राळ असते, आणि राळ तापली की बाहेर येते, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि वेळेवर आठवणं वेगळं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन. आवाज एकदम शांत. पेशंटला वाईट बातमी सांगताना लावतात तसा.

"मुजुमदार, मी उठलोय. पण टॉवेल उठत नाहीये."

गेलो. टॉवेल बाकाला असा चिकटला होता की गंगारामजींना पटाशीने सोडवावा लागला. दोन्ही बाक काढून बिनगाठीच्या लाकडाचे बसवले, सगळे स्क्रू खालच्या बाजूने मारले, म्हणजे तापलेलं लोखंड कोणाला लागायला नको. डॉक्टरीणबाईंनी चहा दिला. डॉक्टरांनी तो उभ्यानेच घेतला.

०

एकाची कम्प्लेंट, "टेम्परेचर चढ़ता ही नहीं, भिया. पैंतीस के ऊपर जाता नहीं."

मी सेन्सर बदलला. आठ दिवसांनी परत फोन. हीटरच्या वायरी तपासल्या. परत फोन. दाराची रबर पट्टी नवी लावली. परत फोन. शेवटी मी म्हटलं, आता मी येतो तेव्हा तुम्ही आत बसलेले असा.

ते बसले होते. दार अर्धं उघडं. शेजारच्या बाकावर टेबलफॅन, फुल स्पीडवर.

"हा कशाला?"

"अंदर गर्मी बहुत हो जाती है ना."

मी स्कूटर चालवत परत आलो. मागे गंगारामजी बसले होते. वर्कशॉपला पोहोचल्यावर त्यांनी आधी आमचा पंखा फुल केला.

०

पावसाळ्यात एका जुन्या मराठी कुटुंबाकडून बोलावणं आलं. सौनाला हिंगाचा वास येतो म्हणे. माझा अनुभव असा की वास येतो तो ओल्या टॉवेलचा, नाहीतर बाक फिनेलने पुसल्याचा. हिंग प्रथमच ऐकत होतो.

दार उघडलं तर दोन्ही बाकांवर स्वच्छ धोतराचे तुकडे अंथरलेले आणि त्यावर ओळीने सांडगे. खालच्या फळीवर पोह्याचे पापड. घरातल्या आजी मागे येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता ओशाळतील.

"इतकं छान वाळतं हो. बाहेर तर आठ दिवस ऊन नाही. तुम्ही असं करा, वर आणखी दोन फळ्या मारून द्या."

"आजी, पण हे साहेबांसाठी बनवलंय ना?"

"तो बसतो की. सांडगे निघाले की बसतो."

साहेब मागे उभे होते. मान हलवून म्हणाले, "मारून द्या फळ्या."

०

दगडांचंही असंच. हीटरवर ठेवायला खास दगड मागवावे लागतात, न फुटणारे. एका ग्राहकाला ते पसंत नव्हते. "अपन लोकल लावू," म्हणाला, आणि माझं न ऐकता गाडी घेऊन नर्मदेवर गेला, एक गोणी गोटे घेऊन आला. गुळगुळीत, सुंदर. मी सांगितलं, नदीच्या गोट्यात पाणी मुरलेलं असतं, तापून तडकेल, एखादा तुकडा डोळ्यात जाईल. त्याने हसून सोडून दिलं.

मी माझे दगड गाडीत ठेवले आणि दुसऱ्या दिवशी परत जाऊन समजवायचं ठरवलं. गेलो, तर गोणी रिकामी. त्याच्या आईंनी भल्या पहाटे उठून एकेक गोटा देवघरात नेला होता.

"आम्ही यांची पूजा करतो आणि हा यांना भट्टीत घालतोय," त्या मला म्हणाल्या, जशी काही चूक माझीच.

मी मुकाट्याने माझे दगड लावले. सौनातही वाफेसाठी दगडांवर पाणी ओततात, म्हणजे त्या घरात आता पाणी ओतायच्या दोन जागा आहेत, देवघर आणि सौना. आईंचं एकदाही चुकत नाही. मुलाने दिवाळीनंतर सौना चालू केलेला नाही.

०

वैशाली मॅडम कॉलेजात शिकवतात. त्यांचं घर तीन मजली. नवरा, सासूबाई, दोन दीर, जावा, मुलं, सगळे एकत्र. गच्चीच्या जिन्यापाशी एक सामानाची खोली होती, ती त्यांनी रिकामी करून घेतली होती. मी माप घेत होतो. बाकाची उंची, लाकडाचा रंग, दिवा, कशाबद्दलच त्यांचं काही म्हणणं नव्हतं.

"एकच पाहिजे. आतून कडी."

मी सांगितलं, तेवढं सोडून बोला. सौनाच्या दाराला कडी नसते. दार बाहेर उघडतं, नुसतं ढकललं की. आत कोणाला चक्कर आली तर बाहेरच्यांना आत जाता आलं पाहिजे. हे मी कोणाच्याही घरात बदलत नाही.

त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि हीटर नसला तर?"

"हीटर नसला तर मॅडम, सौना कसला?"

"पण मग कडी लावता येईल ना?"

मी टेप गुंडाळायचा थांबलो. खाली हॉलमध्ये टीव्ही चालू होता, कोणीतरी त्यांना हाक मारत होतं.

"मुजुमदारजी, या घरात मी लावून घेऊ शकेन असं एक दार नाही. बाथरूमचंसुद्धा पाच मिनिटांत वाजतं. खोली मागितली असती तर कशाला म्हणून विचारलं असतं. पाठीसाठी डॉक्टरांनी सौना सांगितलाय म्हटलं, तर सगळे लगेच हो म्हणाले. गरम असतं म्हटल्यावर आत कोणी येणार पण नाही."

बांधला. लाकूड, दोन बाक, पिवळा दिवा, हवेसाठी खाली-वर झरोके, सगळं नेहमीसारखं. हीटरच्या जागी नुसती लाकडी जाळी आणि मागे काही नाही. कडी गंगारामजींनी स्वतः बाजारात जाऊन पितळेची आणली आणि अर्धा दिवस घासून अशी बसवली की लावताना आवाज होत नाही.

दर सहा महिन्यांनी मॅडम सर्व्हिसला बोलावतात. मी बॅग घेऊन जातो, बाक पुसतो, कडीला तेल देतो.

मागच्या वेळी गेलो तर दार बंद होतं. बाहेर सासूबाई खुर्ची टाकून मटार सोलत बसल्या होत्या.

"सूनबाई आत आहे. तास झाला. भाऊ, इतका वेळ चालतं का हो?"

"चालतं, आजी."

"गरम नीट होतं ना? नाही, बाहेर काही धग लागत नाही म्हणून विचारलं."

मी दारावर तळवा ठेवला. थंडीचे दिवस, लाकूड गार पडलं होतं.

"फुल गरम आहे, आजी. तुम्ही हात लावू नका."

थोड्या वेळाने मॅडम बाहेर आल्या. गळ्यात टॉवेल, हातात पाण्याची रिकामी बाटली, चेहरा आणि केस ओले. मला पाहून जागीच थांबल्या.

"बघा, किती घाम आलाय हिला," सासूबाई म्हणाल्या.

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. मी बॅग उचलली.

"सर्व्हिसला आज थोडा वेळ लागेल," म्हटलं, आत गेलो आणि कडी लावली.